दलालाचा काटा आणि आमची शकू

मूल वाढवणं ही काही अवघड गोष्ट नाही! डोकं शाबूत, भिंतीवर घड्याळ आणि हाताशी वही असली की मूल शास्त्रशुद्ध वाढतं. हे माझं लग्नाआधीपासूनचं ठाम मत होतं. शकू झाली त्या दिवशीही ते ठाम होतं. दुसऱ्या दिवशी शकू सलग तीन तास रडली, तेव्हा ते जरा हललं. पण मी काही अडाणी नव्हते. मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली! मत हललं म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्याला पुरावा शोधायचा असतो, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं.

दादरची मी, लग्न होऊन वसईला आले. होळीगावाला लागून आमची केळीची वाडी. घरात हे, सासूबाई आणि मी. माहेरचं बाळंतपण आटोपून मी शकूला घेऊन परतले, तेव्हा शकू सव्वा महिन्याची होती आणि माझी वही अर्धी भरली होती. ती किती वाजता उठली, किती वाजता प्यायली, किती शिंकली, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत!

शकूला न्हाऊ घालायला पाचूबंदराहून बायजा यायची. आधी शकूला चोळायची, मग मासळी घेऊन बाजारात जायची. हा क्रम एखाद्या दिवशी उलटा तर होणार नाही ना, अशी मला रोज धास्ती. पण बायजाच्या हातापेक्षा तिची जीभ जड. एका सकाळी तिने शकूला पायांवर पालथं घातलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली,

"वयनी, पोर तसंच हाय गो! महिना झाला, अंगच धरत नाय. कोलंबी जशी! आमच्या बंदराला या वयाचं पोर एका हातात मावत नाय."

कोलंबी! मी शकूकडे बघितलं. वाकडी पाठ, लालसर रंग, दोन काळेभोर डोळे. आता मला दुसरं काही दिसेचना!

त्या दिवसापासून मी शकूला सुतळीने मोजायला लागले. दंड मोजला, मांडी मोजली, डोकं मोजलं. डोकं तेवढं वाढत होतं!

"अगं, काय गणपतीच्या मखराचं माप घेतेस का?" सासूबाई म्हणाल्या. "वाढेल ती. हरेश्वरसुद्धा असाच होता, शेवग्याची शेंग. आता बघ त्याला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. धीर येण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे अजूनही शेवग्याची शेंगच होते.

आणि अशा वेळी बाजाराच्या नाक्यावर ते पत्रक लागलं! 'नवमातांसाठी मातृ-शिशु वर्ग. उन्हाळ्याच्या सुट्टीत, होळीगावच्या शाळेत, सहा बुधवार, दुपारी तीन वाजता. मातेने बाळासह यावे.' हे पत्रकच काढून घेऊन आले. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली होती, आणि ते अखेर माझ्या दारी पोचलं, असं मला वाटलं.

"वर्ग?" सासूबाई म्हणाल्या. "आई होण्याचा वर्ग? मी सहा वाढवली. कुठल्या शाळेत गेले होते?"

"आई, तो काळ वेगळा होता. आता शास्त्र पुढे गेलंय."

"शास्त्र पुढे गेलं असेल. मूल तिथूनच येतं ना अजून?"

हे पेपराआड हसले. मला राग आला. रागाच्या भरात मी जे बोलले, त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं.

"ठीक आहे! सहा बुधवार मी वर्गात जाईन. तिथले सांगतील तसं शकूला वाढवीन. घड्याळाप्रमाणे दूध. घुटी नाही, धुरी नाही, बायजाचं ते रगडणं नाही. सहाव्या बुधवारी तक्त्याप्रमाणे वजन भरलं, तर यापुढे शकू माझ्या पद्धतीने वाढेल. कुणी मध्ये बोलायचं नाही!"

"आणि नाही भरलं तर?"

"तर माझी वही माळ्यावर. शकू तुमच्या न् बायजाच्या हवाली!"

"हरेश्वर, ऐकलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "तू पंच. मी सहा आठवडे घुटीच्या सहाणेला हात लावणार नाही. शब्द!"

वाचकहो, पैज मी तोऱ्यात लावली. पण खरं सांगते, मला पैज जिंकायची नव्हती. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं की माझी मुलगी कोलंबी नाही.

पहिल्या बुधवारी मी पावणेतीनलाच हजर! वर्ग घेणाऱ्या नर्सबाई म्हणजे आल्बिनाबाई. मूळच्या वांद्र्याच्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पायात बूट, आणि आवाज असा की अठरा बाळं एकदम गप्प झाली. मला त्या बघताक्षणी आवडल्या.

"मदर्स!" त्या म्हणाल्या. "बाळाच्या तब्येतीचा आरसा म्हणजे त्याचं वजन. दर बुधवारी वजन होणार, तक्त्यावर चढणार. बाळांचा काटा ठाण्याहून निघालाय, पण अजून पोचला नाही. तोवर इथल्या केळ्यांच्या शेठनी मोठ्या मनाने आपला काटा दिलाय. त्यांचे आभार!"

मी टाळी वाजवली. एकटीनेच! बाकीच्या सोळा जणी छताला टांगलेल्या त्या काट्याकडे बघत होत्या. लांबट पितळी तबकडीचा, खाली आकडा असलेला ताणकाटा. आकड्याला झोळी बांधलेली. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारी कॅथरीन होती. भाजीच्या वाडीवाल्यांची सून, मांडीवर पाच महिन्यांचा पॉल. पॉल म्हणजे काय सांगू! कोहळ्याला डोळे फुटावेत तसं मूल. ती मला कोपराने ढोसून म्हणाली,

"काय गो, यावर तोलायची पोरं? या काट्यावर?"

"मग? त्यात काय झालं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शकूकडे बघत होते. मी वहीत लिहिलं : 'वजन करण्याविषयी स्थानिक स्त्रियांत अंधश्रद्धा दिसते.' आणि त्याखाली रेघ ओढली.

बाळांचे कपडे काढायलाही कुणी तयार होईना. चारचौघींत उघडं मूल? दृष्ट लागेल! शेवटी आल्बिनाबाईंनी तडजोड केली. प्रत्येकीने दर खेपेला तेच दुपटं आणायचं, बाळाला त्यात गुंडाळूनच तोलायचं आणि कपड्यांचा म्हणून अर्धा पौंड वजा करायचा. उदाहरण घालून द्यावं म्हणून मी शकूला घेऊन पहिली उठले.

"सव्वाआठ पौंड," आल्बिनाबाई म्हणाल्या. मग तक्त्याकडे बघितलं, शकूकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. डॉक्टर-नर्स लोक बोलतात तेव्हा मला भीती वाटत नाही. बोलत नाहीत तेव्हा वाटते.

तो आठवडा मी घड्याळाकडे बघत काढला. दर तीन तासांनी दूध, एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. दुसऱ्या बुधवारी शकूला झोळीत ठेवलं. काटा थरथरला, जरा विचार केल्यासारखा थांबला.

"सव्वाआठ."

एक औंससुद्धा नाही! घरी पोचेपर्यंत मी डोळे आवरले, मग ओटीवरच मोकळी झाले.

"सव्वाआठच! आई, सव्वाआठच!"

सासूबाईंनी शकूला माझ्याकडून घेतलं. दोन्ही हातांवर तोलून बघितलं, जसा घड तोलतात.

"कसली सव्वाआठ? दहाच्या खाली नाही ही. तोललं कशावर?"

"काट्यावर! केळ्यांच्या शेठनी उदारपणे वर्गाला दिलाय."

"कुणी? शेठने?"

"हो!"

"हं," सासूबाई म्हणाल्या.

त्या 'हं' मध्ये काय होतं, ते मला तेव्हा कळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मानसशास्त्रात 'हं' वर धडा नाही.

तिसऱ्या बुधवारी सासूबाई एकदम प्रेमळ झाल्या. "तू तयार हो, मी शकूला गुंडाळते," म्हणाल्या. दुपट्याच्या कडाही नव्याने शिवून ठेवल्या होत्या. मला भरून आलं. शकूला उचललं तर हाताला चांगली जड लागली! शाळेपर्यंत जाता जाता माझा दंड भरून आला आणि त्या दुखण्याचासुद्धा मला आनंद झाला.

"साडेनऊ पौंड!" आल्बिनाबाई ओरडल्या. "एका आठवड्यात सव्वा पौंड! काय केलंत तुम्ही?"

"घड्याळ," मी नम्रपणे म्हणाले. "फक्त घड्याळ पाळलं."

नम्रपणा तिथेच संपला. पुढची दहा मिनिटं मी वर्गाला घड्याळाचं महत्त्व समजावून दिलं. बायका मान डोलावत होत्या. एवढ्या आज्ञाधारकपणे, की मला थोडी शंका यायला हवी होती. कारण त्या दिवशी पॉलही दीड पौंडाने वाढला. मागच्या बाकावरची जुळी पौंड-पौंडाने वाढली. अठरापैकी अठरा बाळं वाढली! आल्बिनाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि तक्त्यावर रेघा ओढायला घेतल्या.

चौथ्या बुधवारी शकू सव्वादहा. पाचव्याला साडेदहा. पॉलची रेघ तर तक्त्याच्या कागदाबाहेर गेली. आल्बिनाबाईंनी वर आणखी एक कागद चिकटवला. बाळं अशी वाढत होती, जशी काही कुणी मुळाशी खत घालत होतं!

"काय गो कॅथरीन, पॉलला काय देतेस?" मी जरा तिरकस विचारलं.

"मी काय देनार? आईचं दूध आनि देवाची दया," ती म्हणाली आणि पॉलला घट्ट आवळून धरलं. "तुझं घड्याळ हाय ना, तशी आमची माळ हाय. दररोज जपतो."

चौथ्या बुधवारीच आल्बिनाबाईंनी ठाण्याला अहवाल धाडला होता. पाचव्याला उत्तर आलं ते उत्तर नव्हतंच, वरात होती! ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाई सहाव्या बुधवारी स्वतः येणार. वसईचा वर्ग बघून तसेच वर्ग गोखिवऱ्याला आणि विरारच्या चंदनसारलाही काढायचे ठरवणार. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, आदर्श माता म्हणून मी त्यांच्यासमोर चार शब्द बोलणार!

त्या संध्याकाळी मी तरंगत घरी आले. सासूबाई नेमक्या वाडीत गेल्या होत्या. एरवी वर्गातून आल्या आल्या त्या शकूला माझ्या हातून घ्यायच्या आणि दुपटं आपण सोडायच्या. आज मीच सोडलं. शकूला पाळण्यात ठेवलं, दुपटं झटकलं.

ठण्ण!

दुपट्याची कड खांबाला आपटली होती. कापडाचा असा आवाज येत नाही, एवढं बी. ए. नसलेल्यालाही कळतं. मी शिवण उसवली. आतून घोड्याची एक नाल निघाली. मग जुन्या पेटाऱ्याची हातभर लोखंडी किल्ली. दुसऱ्या कडेतून शिशाच्या सहा गोळ्या. कोळी लोक जाळं बुडावं म्हणून जाळ्याला बांधतात तसल्या!

आदर्श माता!

सासूबाई केळीची पानं घेऊन मागच्या दाराने आल्या. मी नाल हातात धरून उभी.

"आई! हे काय?"

"नाल," त्या म्हणाल्या.

"ते मला दिसतंय! शकूच्या दुपट्यात का?"

"मग? पोरीला त्या दलाल शेठच्या काट्यावर रिकामी चढवू?" सासूबाईंनी पानं खाली टाकली. "अगं, सासरे गेले, सासऱ्यांचे वडील गेले, त्या काट्यावर आमचा घड कधी पुरा भरला नाही! दहाचा घड, साडेआठ सांगतो. केळी खातो, विड्याची पानं खातो, आता माझी नात खायला निघालाय! मारतो तो काटा. अख्ख्या वसईला ठाऊक आहे. तू दादरची, तुला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू वहीत अंधश्रद्धा म्हणून लिहिलं असतंस."

वही त्यांनी वाचली होती तर!

"आणि या गोळ्या?"

"त्या बायजाने दिल्या. कोलंबी बोलून बसली ना, मनाला लागलं तिच्या. म्हणाली, म्हातारी, जाल्याच्या गोल्या घाल, मासळीला आमीपन घालतो."

"पण आई, पैज? वजन वाढलं तर तुम्ही हरत होता!"

"पैज गेली खड्ड्यात!" सासूबाई कडाडल्या. "भर वर्गात त्या कॅथरीनचा पॉल एवढा आणि माझी नात सव्वाआठ? शब्द घुटीचा दिला होता. घुटीला हात लावला नाही. लोखंडाचं काही ठरलं नव्हतं!"

पण मला काळजी पैजेची नव्हती. तीन बुधवार मी ज्या आकड्यांवर जगत होते, ते आकडे नालेचे होते. शकू किती वाढली होती? औंसभर तरी वाढली होती का? की मी इतके दिवस एका किल्लीला दर तीन तासांनी दूध पाजत होते?

मी ह्यांना विचारलं, "आता काय करू?"

हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "एकदम काढू नकोस. दर आठवड्याला एकेक गोळी कमी कर. दलाल भाव असाच उतरवतो, कुणाच्या लक्षात येत नाही."

पंचांकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची!

सहावा बुधवार उजाडला. मी ठरवलं होतं, आल्बिनाबाईंना आधीच गाठून सगळं कबूल करायचं. नाल, किल्ली, गोळ्या पुन्हा जागच्या जागी ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून. खरं तर, काढायचा धीर झाला नव्हता म्हणून. पण शाळेच्या दारात आल्बिनाबाई नव्या साडीत उभ्या. केसांत फूल! त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"बारा वर्षं नोकरी केली मी. पहिल्यांदा कुणीतरी माझं काम बघायला येतंय. तुमच्यामुळे!"

सांगा, कोण कबूल करेल?

डॉक्टरीणबाई आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, गडबडीतल्या. त्यांच्या मागून शिपायाने एक चकचकीत पांढरा काटा आणून टेबलावर ठेवला. वर बाळ ठेवायची पसरट परात.

"तुमचा काटा आणलाय," त्या म्हणाल्या. "चला, आदर्श माता कोण? बाळाचे कपडे काढा आणि आणा."

सोळा जणींनी आपापली दुपटी घट्ट आवळली.

"कपडे... काढून?" मी विचारलं.

"मग? कपडे तोलायला का मी ठाण्याहून आले?"

"थंडी बाधेल!" कॅथरीन मागून किंचाळली. ऐन उन्हाळ्यातली दुपार! माणसं आंब्यासारखी पिकत होती! पण सोळाच्या सोळा जणी एकदम म्हणाल्या, "हो, हो! बाधेल!" एकीला आठवलं की तिची चूल पेटती राहिलीय. जुळ्यांची आई तर एकेका काखेत एकेक मूल मारून दारापर्यंत पोचलीसुद्धा!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अठरापैकी अठरा!

पण आता मागे वळायचं कुठे? मी टेबलापाशी गेले. शकूला जमेल तितक्या हळुवारपणे दुपट्यातून सोडवलं. घाईघाईत टाचलेली शिवण उसवली. नाल फरशीवर पडली. काय तो आवाज! आपल्या चर्चची घंटा वाजली असंच कॅथरीनला वाटलं असावं; तिने क्रूसाची खूण केली. किल्ली पडली. मग गोळ्या, एकामागून एक, टपाटप, आणि त्यातली एक घरंगळत जाऊन डॉक्टरीणबाईंच्या चपलेला लागली.

मग मागे एक फिस्सकन आवाज आला. कॅथरीन हसत होती. हसता हसता ती पुढे आली आणि पॉलच्या दुपट्यातून एक पितळी मेणबत्तीदान काढून टेबलावर ठेवलं.

"सासूबायनी घातलं," ती म्हणाली. "एकटीलाच कशाला बोलायचं?"

मग काय! रांगच लागली. अडकित्ता निघाला. बैलगाडीच्या चाकाचा खिळा निघाला. तांब्याचं झाकण, दारूच्या बाटलीचं पितळी बूच, मोडक्या विळीचं पातं चिंध्यांत गुंडाळलेलं, आणि जुळ्यांच्या आईने पाट्या-वरवंट्याचा आख्खा वरवंटा काढला. दोघांत मिळून एकच होता, म्हणाली. आळीपाळीने घालत होती.

"हा शिशुवर्ग आहे," डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "की लोहाराचं दुकान?"

आल्बिनाबाईंच्या केसांतलं फूल थरथरत होतं. त्या रडतील असं मला वाटलं, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं,

"त्यांचा काही दोष नाही! काटाच मारतो!"

"काय मारतो?"

"दलालाचा काटा! सगळ्यांना ठाऊक आहे!"

वाचकहो, बी. ए. झालेली मी, सासूबाईंच्या शब्दांत बोलत होते, आणि तेही कमरेवर हात ठेवून! डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग आपल्या पेटीतून पाच पौंडांचं पितळी वजन काढलं, टांगलेल्या काट्याच्या झोळीत ठेवलं आणि वर बघितलं.

"सव्वाचार," त्या सावकाश म्हणाल्या.

असा जल्लोष झाला! जशी काही कोर्टात वसई जिंकली! पिढ्यान् पिढ्या केळी, भाजी आणि मासळी त्या काट्यावर घालून आलेल्या घरांच्या सुना त्या. आज सरकारी बाईच्या तोंडून ऐकलं, काटा खोटा!

"आता तरी या पोरीला तोलू द्या!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

शकूला पांढऱ्या परातीत ठेवलं. उघडीवाघडी. मी डोळे मिटले. कोलंबी, कोलंबी, एवढंच डोक्यात.

"अकरा पौंड दोन औंस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय? सव्वातीन-साडेतीन महिने? मग झकास! खणखणीत मुलगी आहे."

मी डोळे उघडले. अकरा दोन! नाल, किल्ली आणि सहा गोळ्या घालूनही सासूबाईंचा अंदाज कमीच पडला होता! मी शकूला उचललं आणि हसायला गेले, पण रडायलाच लागले. सोळा बायका, दोन सरकारी बाया आणि एक शिपाई यांच्यासमोर, हुंदके देऊन!

"बाळाचं ठीक आहे," डॉक्टरीणबाई माझी हनुवटी वर करून म्हणाल्या. "आईचं काय? डोळ्यांखाली ही काजळी कसली? शेवटच्या कधी झोपलात तुम्ही?"

मी सवयीने वही उघडली. दूध होतं, शी होती, शिंका होत्या.

"तो रकाना नाहीये," मी म्हणाले.

त्यांनी वही माझ्या हातून घेतली, शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत औषध लिहून दिलं आणि खाली सही केली : 'दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मातेने घरी झोपावे. बाळाला वर्गात दुसऱ्या कुणीतरी आणावे.' आल्बिनाबाईंना त्या म्हणाल्या, "वर्ग चालू ठेवा. आणखी सहा बुधवार. पण या खेपेला बाळं उघडी, आणि याच काट्यावर."

घरी हे पंच म्हणून निकाल द्यायला बसले. "पहिली पाच वजनं खोटी, सहावं खरं. एका आकड्यावर वाढ झाली असं म्हणता येत नाही, नाही झाली असंही म्हणता येत नाही. सबब, पैज बरोबरीत." सासूबाईंनी मला विचारूनच घुटीची सहाण धुऊन ठेवली. मी विचार करून, फक्त जायफळ नको, एवढंच म्हणाले. बायजाला शकू पुन्हा मिळाली. "आता हातात मावत नाय!" ती म्हणाली आणि मी ते वहीत तारीख घालून लिहून ठेवलं.

दर बुधवारी आता सासूबाई जातात. पहिल्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसल्या, शकूला घेतलं आणि पदराआड घरचं पाच शेरांचं वजन दडवलं. "ठाण्याचा काटा म्हणून काय झालं? बघून घेते एकदा!" काटा खरा निघाला. त्या जरा हिरमुसल्याच. पण आल्बिनाबाईंशी त्यांची अशी गट्टी जमली आहे की पहिल्या बाकावर बसून त्या सोळा सुनांना शिकवतात आणि आल्बिनाबाई टिपून घेतात. परवा तर कॅथरीन मला बाजारात म्हणाली, "तुझ्या सासूबाय बऱ्या शिकवतात गो. तू आपली घड्याळच सांगत बसायचीस!"

तेव्हा नवमातांसाठी असले वर्ग उपयोगी असतात का, असं मला कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन : अत्यंत उपयोगी! एकही बुधवार चुकवू नये. फक्त मातेने स्वतः जाऊ नये.

दोन तास गाढ झोप! यासारखं सुख नाही, असं सगळे म्हणतात. मलाही एखाद्या बुधवारी घेऊन बघायचं आहे. आज मात्र हे लिहायचं होतं, आणि त्याआधी शाळेच्या खिडकीशी उभं राहून शकूचं वजन ऐकून यायचं होतं. आता पाच वाजत आलेत. पायरी वाजली की मी डोळे मिटून पडते. तुम्ही सासूबाईंना काही सांगू नका.